जावक टेबलावरची लोकर

आमच्या घरात माणसं सहा आणि घोंगडी एक होती. बहात्तरच्या दुष्काळात मुखेडजवळच्या आमच्या गावाच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं. हिवाळ्यात सकाळी खडी फोडायला जो पहिला निघेल त्यानं घोंगडी घ्यायची, असा वडिलांचा, म्हणजे दादांचा, नियम होता. पहिली नेहमी मायच निघायची. पण घोंगडी पांघरून हातोडी चालत नाही. म्हणून कामावर पोचली की माय ती काढून बाजूच्या धोंड्यावर टाकायची, आणि दिवसभर तो धोंडा ऊब खायचा. मी तेव्हा दहा वर्षांची होते. कामावर पोरांना खायला वाटायच्या त्या सुकडीच्या रांगेत उभी राहून मी त्या धोंड्याकडे बघायची. माझ्या आयुष्यातला पहिला हेवा मी एका धोंड्याचा केला.

हे मी कुणाला रडवायला सांगत नाही. तेव्हा मनात एक गोष्ट पक्की झाली होती, ती सांगायची आहे. शिकायचं, नोकरी करायची आणि मायच्या अंगावर ऊबदार काहीतरी घालायचं. तेही दुसऱ्या कुणी दिलेलं नाही, मी दिलेलं. दुष्काळ सरला, नंतर दादा गेले. मायनं मजुरी करून मला मुखेडच्या शाळेत आणि मग नांदेडच्या कॉलेजात ठेवलं. मी बी. ए. झाले. आमच्या घरातच नव्हे, आमच्या सगळ्या आळीत पहिली. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे. रजेच्या अर्जावरसुद्धा मी नावापुढे बी. ए. लिहीत असे.

त्याच सुमाराला लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नवी भरती. सेवायोजन कार्यालयाकडून मला पत्र आलं आणि मी लातुरात लिपिक म्हणून रुजू झाले. आमचं कार्यालय भाड्याच्या इमारतीत होतं. फायली जमिनीवर, कपाटं अजून यायची होती, आणि टेबलं इतकी कमी की दोघांत एक. मला आवक दिलं होतं. माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या अंगाला जावक होतं, आणि जावकच्या खुर्चीत शिवगंगाबाई बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी माझे कागद ठेवायला खण उघडला तर आत एकही कागद नव्हता. लोकरीचे गुंडे होते. हिरवे, जांभळे, विटकरी, तऱ्हेतऱ्हेचे.

"तो माझा खण हाय, अव्वा," त्या म्हणाल्या. "तुझा खालचा. त्यात उंदीर हाय, पण लोकर असली की वर येतो, तुला तरास न्हाई द्यायचा."

कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर झगझगीत हिरवी साडी, आणि कपाळाला कुंकू नाही. मी बघतच राहिले. विधवा बाईनं एवढा हिरवा रंग नेसलेला मी आमच्याकडे पाहिला नव्हता. त्या उदगीरच्या, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या; माझ्यासारख्या पोरींना 'अव्वा' म्हणायच्या. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी यांना घेतलं होतं. शिक्षण मॅट्रिक. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. जिल्हा फुटला तेव्हा उस्मानाबादेहून फायलींबरोबर इकडे आल्या होत्या. "फायलीबी माझ्यासारख्याच," त्या सांगायच्या, "कुणी इचारलं न्हाई, उचललं आन् आणून टाकलं."

शिवगंगाबाई शाली विणायच्या. विकायच्या नाहीत. कुणी पैसे देऊ केले तर म्हणायच्या, "पैशे घेतले तर तू सांगशील तो रंग घालावा लागंल मला. मग मजा काय?" जेवणाच्या सुट्टीत, बसची वाट बघताना, साहेबांच्या बैठकीबाहेर ताटकळताना त्यांच्या हातात सुया असत. नजर समोरच्या माणसाच्या तोंडावर आणि खाली बोटं आपली चाललेली. शिपायापासून साहेबांच्या आईपर्यंत सगळ्यांना त्यांनी शाली दिल्या होत्या, आणि हिवाळा आला की आमच्या कार्यालयाला जणू त्यांच्याच हाताचा गणवेश मिळे. फक्त प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि प्रत्येकाला असा शोभणारा, की तो माणूस त्या शालीशिवाय आठवू नये.

रंग निवडायची त्यांची एक रीत होती. ज्याची शाल करायची त्याला रंग कधी विचारायचा नाही. "माणूस बसतं कुठं ते बघायचं," त्या म्हणायच्या. "चुलीपुढं बसतं का खिडकीत बसतं. अंगावर ऊन पडतं का भिंतीची सावली. मग रंग आपोआप सांगतो, मी हितं लागलो." आठवडाभर त्या माणसाकडे बघत राहायच्या, मग बाजारात जायच्या. रंगांना त्यांची नावंही स्वतःची होती. पुस्तकातलं एकही नाही. वाळल्या तुराट्यांचा तपकिरी, करडईच्या फुलाचा केशरी, जवसाच्या फुलाचा निळा. साहेब एकदा कौतुकानं म्हणाले, "बाई, तुमची शाल म्हणजे शिवारच आहे." सगळे हसले. मी हसले नाही. आदल्या दिवशी मी लिहिलेल्या चार पानी अहवालावर त्याच साहेबांनी नुसती सही केली होती.

आता स्पष्टच लिहिते. मला त्यांचा हेवा वाटायचा. कार्यालयात बाई पदवीधर मी एकटी. इंग्रजी पत्र आलं की माझ्याकडे यायचं. तरी कुणी बाहेरचा माणूस आला की आधी विचारायचा, "शालीवाल्या बाई कुठंयत?" दोन अंगं असलेलं एक टेबल, आणि सगळी माणसं एकाच अंगाला. मॅट्रिक झालेल्या बाईला जे येतं ते मला येत नाही, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणून मी विणायला शिकले. त्यांच्याकडे नाही. एका मासिकात विणकामाचं पान यायचं, ते वाचून. सुलट टाका, उलट टाका, पुढचा टाका न विणता उचलणे. हे काय पदवीधर बाईला वाचून येणार नाही? आलं. पण जेवणाच्या सुट्टीत मी माझं विणकाम काढलं की शिवगंगाबाई न सांगता वाकून बघायच्या.

"लई आवळतीस ग. शाल हाय, दावं न्हाई. बैल बांधायचाय का?"

मी मनात म्हटलं, बघाल.

त्या मला गंजगोलाईच्या बाजारात लोकर घ्यायला बरोबर न्यायच्या. मीही जायची, कारण चोरून शिकायचं तर जवळ असावं लागतं. तिथं मी त्यांची दुसरी रीत पाहिली. गुंडा दुकानातल्या दिव्याखाली बघायच्याच नाहीत. उचलायच्या आणि थेट रस्त्यावर. दुकानदारांना सवय झाली होती. एकानं तर त्यांच्यासाठी पायरीवर स्टूल टाकून ठेवलं होतं. "दिवा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या, "आन् लोकर दुकानदाराच्या बाजूनं." गुंड्यावरच्या चिठ्ठीवर रंगाचा नंबर असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात दुसरा एक नंबर. तो कसला, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. "भज्याचा घाणा असतो की न्हाई? पहिला घाणा येगळा, दुसरा येगळा. लोकर रंगवतात तिचाबी घाणा असतो. रंग तोच, पर घाणा बदलला की उन्हात एका केसाचा फरक. घरात दिसत न्हाई. शाल अंगावर घेऊन उन्हात गेलीस की बरोबर मधून दोन तुकडे दिसतात."

दुसऱ्या वर्षी मी खोली भाड्यानं घेतली आणि मायला लातुरात आणलं. तिच्या येण्याआधी मी शाल पुरी केली होती. चार महिने लागले. रंग राखी, पांढऱ्याकडे झुकणारा. तिच्या वयाला, तिच्या कपाळाला शोभेल असा साधा, सोज्वळ. मायनं शाल हातात घेतली, गालाला लावली. "माझ्या पोरीनं केली," म्हणाली, आणि घडी करून ट्रंकेत ठेवली.

"माय, पांघर की."

"ठेवणीतली हाय ती. लागली माती तर?"

महिना गेला, थंडी वाढली, शाल ट्रंकेतच. माय लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून अंगणात बसायची. मी रोज सांगायची, ती रोज उद्या म्हणायची.

एका रविवारी शिवगंगाबाई आमच्याकडे आल्या. मी स्वयंपाकात होते. त्या मायबरोबर अंगणात ज्वारी निवडत बसल्या, चांगल्या दोन तास. मायला त्या 'अक्का' म्हणत होत्या आणि माय त्यांना 'बाई'. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फक्त माय हसल्याचा आवाज आला. माय दादा गेल्यापासून इतकी मोठ्यानं हसली नव्हती. माझ्या हातातली पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसल्या बसल्या शिवगंगाबाईंनी विचारलं, "मायला राखी रंग कुणी सांगितला ग?"

"मीच निवडला. तिला शोभेल असा."

"तिला का तिच्या कपाळाला?"

मी मान वर केली.

"बी. ए.ला ह्येच शिकवलं का? मी बी तिच्यासारखीच हाय की. मी काय राख फासून हिंडते? विभूती कपाळाला लावते, तेवढी बास हाय. सगळ्या अंगाला कशाला?"

त्या वेळी मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. त्या खरं बोलत होत्या, हे त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या आळीतल्या चुलत्या-मावश्यांनी मायला सांगितलं असतं तेच मी शिकून सवरून लोकरीत विणलं होतं. पण कळलं म्हणून राग कमी होत नाही, वाढतो. त्यात त्या पुढे म्हणाल्या, "अक्काला मी करते एक. डाळिंबाच्या दाण्याचा रंग. तुमच्या अंगणात पिवळी भिंत हाय, त्या भिंतीला टेकून बसते ती."

रोज त्या भिंतीकडे मी बघत होते. मला ती पिवळी आहे हेसुद्धा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डाळिंबी शाल माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर वाढू लागली. रोज बोटभर, कधी दोन बोटं. मी आवकचे शिक्के मारायची आणि त्या सुयांकडे बघायची. पहाडासारखा दुष्काळ काढून, शाळा-कॉलेज करून मी जिथं पोचायचं ठरवलं होतं तिथं ही बाई गप्पा मारता मारता पोचत होती. आणि मग लोकर संपत आली. शिवगंगाबाईंचा अंदाज सहसा चुकायचा नाही, या वेळी चुकला. गोलाईत तो घाणा मिळेना. मी शनिवारी नांदेडला मैत्रिणीच्या लग्नाला जाणार होते. त्यांनी गुंड्यावरची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

"वजिराबादच्या बाजारात बघ. चार गुंडे. ह्योच रंग, ह्योच घाणा. उन्हात बघून घे बरं का अव्वा."

नांदेडला पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्या दुकानात तो रंग मिळाला. दुकानदारानं दोन डबे काढले. एका डब्यात चिठ्ठीवरचाच घाणा होता. चारच गुंडे शिल्लक. दुसऱ्या डब्यात तोच रंग, घाणा वेगळा. दिव्याखाली दोन्ही एकच. मी दोन्हींतला एकेक गुंडा उचलला आणि पायरीवर उतरले. उन्हात धरले. प्रथम काही दिसलं नाही. मग दिसलं. दुसऱ्यात किंचित जांभळी छटा होती, डाळिंब जरा जास्त पिकलं की दाण्याच्या टोकाला येते तेवढीच.

मी दुसऱ्या डब्यातले चार गुंडे घेतले आणि बसमध्ये त्यांच्या चिठ्ठ्या फाडून खिडकीबाहेर टाकल्या.

हे लिहिताना हात थांबला होता. पण व्यक्तिचित्र त्यांचं आहे, आणि हे सोडलं तर त्या कशा होत्या ते सांगताच येणार नाही.

सोमवारी मी गुंडे टेबलावर ठेवले. "चिठ्ठ्या?" त्यांनी विचारलं. "पिशवीत गळाल्या असतील." त्यांनी एक गुंडा आणि हातातली शाल उचलली आणि इमारतीच्या मागच्या अंगाला उन्हात गेल्या. मी आवकच्या नोंदवहीत एकाच पत्राला दोन क्रमांक दिले. त्या परत आल्या, बसल्या आणि जावकचे लिफाफे चिकटवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शाल अर्धी उसवलेली. मांडीवर उसवलेल्या लोकरीचा गुंडा, शेजारी मी आणलेला, आणि त्या दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या अशा विणत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पिठलं पातळ झालं तर फेकून देतीस का? पीठ लावतीस. दोन घाणे कालवले की कुणाला कळायचं न्हाई, कुठला कुठं हाय."

"एवढं उसवलंत?"

"उसवायला काय लाजायचं? लोकर काय कोर्टात जाती व्हय?"

तीन आठवड्यांत शाल झाली. खालचा अर्धा भाग एका रंगाचा, आणि वर चढता चढता त्यात एक मंद लहर. जवळून ती लहर दिसायची नाही; अंग हललं की शालीच्या आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. सगळं कार्यालय टेबलाभोवती जमलं. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, चष्मा पुसून म्हणाले, "बाई, अशी तुम्ही आजवर केली नव्हती. हा रंग आणलात कुठून?"

"मी न्हाई," शिवगंगाबाई म्हणाल्या. "सुमननं निवडलाय. नांदेडहून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी टाळीसुद्धा वाजवली. दोन वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

गर्दी पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "उन्हात दिसलं होतं ना तुला?"

मी आवकचा शिक्का उचलून उगीच पुसला.

"ज्याला दिसत न्हाई त्यानं आणलं असतं तर एक तर चिठ्ठी बघून बरोबर आणलं असतं, न्हाई तर लईच येगळं. इतकं जवळचं आणायचं, आन् चिठ्ठ्याबी गळायच्या, म्हंजी हेरून आणावं लागतं. मला एवढा फरक दिसायला धा वर्सं लागली, सुमे. तुला दोन वर्सांत दिसाय लागला." मग सुया खणात ठेवत म्हणाल्या, "डोळा हाय तुला. आता नियत तेवढी सरळ कर, आन् हात सैल सोड."

खरं सांगते, मला आधी अभिमान वाटला. लाज नंतर वाटली, घरी जाताना, रस्त्यात.

माय मात्र शाल बघून मागे सरकली. "ह्यो रंग आता मला?"

"का? तुला थंडी वाजत न्हाई का?" शिवगंगाबाईंनी तिला उठवून पिवळ्या भिंतीशी नेलं आणि शाल खांद्यावर टाकली. माय उन्हात उभी राहिली. तिनं शालीवरून एकदा हात फिरवला, मग दुसऱ्यांदा, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी आत जाऊन उगीच भांडी घासली.

त्यानंतर थंडी पडली की माय आणि ती शाल वेगळी दिसली नाहीत. गावाकडे एका लग्नात चुलतीनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय वैनी, आता डाळिंबी व्हय?" माय म्हणाली, "थंडी काय रंग बघून वाजती का ग?" बाजारात बायका थांबवून विचारायच्या, कुणी केली? माय सांगायची, "आमच्या सुमनच्या हापिसातल्या बाईनं." दर वेळी मला टोचायचं. मी मायला नांदेडची गोष्ट कधी सांगितली नाही. शिवगंगाबाईंनीही सांगितली नाही. आणि एवढं मोठं मन असलेल्या माणसाचा हेवा करणं किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तरी मी तो सोडला नाही.

पुढची अकरा वर्षं आम्ही त्याच टेबलावर बसलो. कपाटं आली, नवी टेबलं आली, कार्यालय स्वतःच्या इमारतीत गेलं, तिथंही साहेबांनी आम्हाला वेगळी टेबलं देऊ केली तर त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब, हिच्यावर नजर ठेवावी लागती." सगळे हसले. आता त्या लोकर घ्यायला गेल्या की दोन गुंडे उन्हात धरून मला विचारायच्या, "बोल." मी बोलायची. कधी वाद व्हायचा. एकदा गोलाईत भर रस्त्यात तपकिरीवरून आमचं इतकं जुंपलं की दुकानदारानं दोघींना पाणी दिलं. त्या वेळी त्यांनी माझा रंग घेतला, आणि आठ दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. तेव्हा मला प्रथमच वाटलं, यांनाही हेवा वाटत असेल का? मला फार बरं वाटलं.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एक गोष्ट ध्यानात आली. हिवाळ्यात सगळं कार्यालय त्यांच्या शालींत बसायचं, आणि त्या स्वतः पदर घट्ट लपेटून. त्यांच्याकडे विणलेली शालच नव्हती.

"तुम्ही स्वतःला का करत नाही, बाई?"

"स्वताचा रंग दिसत न्हाई ग. आपण कुठं बसलोय ते आपल्याला कसं दिसणार? बाहेरून बघावं लागतं."

मी ठरवलं. आधी काही महिने समोर बसून त्यांना नुसतं बघितलं. हिरव्या साड्यांकडे बघून हिरवा घ्यावा, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या खिडकीत बसायच्या, आणि दुपारी सुया थांबवून बाहेर बघताना चेहरा अगदी निवांत व्हायचा. तो चेहरा फार कुणी पाहिला नव्हता. सगळे त्यांच्या हातांकडे बघायचे. मी जवसाच्या फुलाचा निळा घेतला, सगळे गुंडे एका घाण्याचे. तीनदा उसवली. हात सैल व्हायला मला त्यांच्यासाठी विणायच्या शालीचीच गरज पडली, हेही लिहून ठेवते.

निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ द्यायची पद्धत असते. बाजारातली तयार शाल आणायचं ठरलं होतं. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, "शालीवाल्या बाईंना दुकानातली शाल देणार असाल तर मी येणार नाही." साहेबांनी माझी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. शिवगंगाबाईंनी ती तिथंच काढून मांडीवर घेतली. समोर साहेब, हार, नारळ, भाषणासाठी उभे राहिलेले बडे बाबू; त्या मात्र अंगठ्यानं टाके चाचपत होत्या. कडेपासून कडेपर्यंत. बडे बाबूंनी घसा साफ केला आणि थांबले.

"घाणा एकच हाय ना?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

कुणाला काही कळलं नाही. मी म्हटलं, "एकच आहे, बाई."

"हात अजून जरा घट्ट हाय." मग शाल पुन्हा खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर ह्यो रंग मला घावला नसता."

त्या उदगीरला लेकीकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेले तेव्हा दारात नातीचे केस विंचरत बसल्या होत्या, निळी शाल कोपरांपाशी झिजलेली. विणकाम सोडलं होतं. डोळ्यांनी दगा दिला होता. "आता तू बघ उन्हात," म्हणाल्या. पाचव्या हिवाळ्यात त्या गेल्या. कळायला उशीर झाला आणि मला मातीला पोचता आलं नाही.

आमची माय अजून चार वर्षं होती. शेवटपर्यंत तिच्या अंगावर डाळिंबी शालच राहिली. माझी राखी शाल तिनं कधी पांघरली नाही. तिथं मी हरले, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. शिवगंगाबाईंनी किती शाली विणल्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लातुरात अजून कुणाच्या ना कुणाच्या अंगावर एखादी दिसते, आणि मी रस्ता ओलांडून ती बघायला जाते. पण त्यांनी स्वतःच्या अंगावर आयुष्यभरात हातानं विणलेली शाल एकच घेतली. ती मी विणली होती.